उपास करताय? मग या चुका टाळा

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ, लागला की मंडळीत (चर्चमध्ये) मला हमखास येणारा प्रश्न: "काकू, उपासाला वरई चालते का?" तरुण संघातली मुलं विचारतात, त्यांच्या आयाही विचारतात. दोष त्यांचा नाही. शेजारच्या घरातून एकादशीच्या खिचडीचा वास घेतच आपण पुण्याच्या पेठांत वाढलो. उपास म्हणजे 'चालतं' आणि 'चालत नाही' यांची यादी, हे डोक्यात पक्कं बसलंय.

आपल्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, अशी यादी सापडायची नाही. दानीएलाने तीन आठवडे रुचकर अन्न, मांस आणि द्राक्षारस सोडला. एस्तेरने तीन दिवस पाणीसुद्धा घेतलं नाही. कॅथलिक भावंडांना निदान नियम तरी आहे: राखेचा बुधवार (लेंटचा पहिला दिवस) आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), 18 पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत, दिवसात एकच पूर्ण जेवण. आपल्याला, प्रोटेस्टंटांना, मोकळीक आहे, म्हणून घोळ आहे. काय सोडायचं ते आदल्या रात्री ठरवा आणि मग पळवाटा शोधू नका. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण शेजाऱ्यांनी स्वतःवरच केलीय, ती आपण उसनी आणायला नको.

आता माझी लाडकी चूक: पहिल्याच उडीत तीन दिवस. ही मी स्वतः केलेली आहे. लग्नाला दोन वर्षं झाली होती, अंगात जोम होता, दुःखसप्ताह, ईस्टरच्या आधीचा आठवडा, होता. पाणी तेवढं घ्यायचं ठरवलं, एवढीच अक्कल शाबूत. तेव्हा मी दिवसाला सहा कप चहा पीत असे, तो सोमवारी सकाळी एकदम बंद. मंगळवारी दुपारी डोकं असं ठणकायला लागलं की खिडकीचा पडदासुद्धा सरकवू देईना. दोनदा ओकारी झाली. प्रार्थनागटातल्या एक ताई आल्या, कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, हा सैतानाचा हल्ला आहे. त्यांची प्रार्थना इतकी मोठ्याने चालली होती की वाड्यातली पोरं दारात गोळा झाली. सासूबाई स्वयंपाकघरातून अर्धा कप चहा घेऊन आल्या. "हे पी, मग सैतानाशी भांड." अर्ध्या तासात डोकं उतरलं.

चहा घेतल्यावरून 1890 साली पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांवर प्रायश्चित्ताची पाळी आली होती; माझ्यावर न घेतल्यामुळे आली. तेव्हापासून मी आठवडाभर आधी चहा उतरवत आणते, रोज एक कप कमी. नवख्याने एक वेळचं जेवण सोडावं. ते चार शुक्रवार जमलं की एक दिवस. चाळीस दिवसांच्या गोष्टी करणाऱ्या पोरांना मी विचारते, सकाळी अर्धा तास गुडघ्यावर राहता येतं का? बहुतेक गप्प होतात.

दुसरी चूक जास्त खोल आहे. उपासाचं उपोषण करणं. पुणेकरांना उपोषण चांगलं ठाऊक. 1932 साली गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात ते सुरू केलं आणि चार दिवसांत पुणे करारावर सह्या झाल्या. सरकारपुढे ते चालतं. पण मुलाला नोकरी लागेपर्यंत, व्हिसा येईपर्यंत जेवणार नाही, असं म्हणत देवाच्या दारात मांडव टाकून बसलेले लोक मी पाहिलेत. नोकरी लागली नाही की मंडळीत येणंच बंद. त्यांना मी दुसऱ्या शमुवेलाचा बारावा अध्याय वाचायला देते. दावीद राजाने आजारी लेकरासाठी सात दिवस जमिनीवर पडून उपास केला. लेकरू गेलं. चाकर सांगायलाही घाबरत होते. दावीद उठला, आंघोळ केली, कपडे बदलले, आधी परमेश्वराच्या घरात जाऊन नमन केलं आणि मग घरी येऊन जेवला. त्यात रुसवा कुठे दिसतो?

बाकीच्या किरकोळ.

व्हॉट्सअ‍ॅपवर 'उपास, दिवस तिसरा' असं स्टेटस ठेवू नका. मत्तयाचा सहावा अध्याय तेल लाव, तोंड धू म्हणतो, सेल्फी काढ म्हणत नाही.

मधुमेह असेल, दिवस गेले असतील, अंगावर पाजत असाल, तर आधी डॉक्टर, मग पाळकसाहेब.

रविवारी उपास नाही. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस भरतात, सहा रविवार वगळले की चाळीस.

जेवण सोडून तो तास मालिकेत घालवलात तर ते डाएट झालं. 'मोबाईलचा उपास' हा शॉर्टकटही मला पटत नाही. मोबाईल खुशाल बाजूला ठेवा, पण पोटाला कळू द्या.

वाचलेल्या जेवणाचे पैसे वाचवायचे नसतात. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात भुकेल्याला आपली भाकर वाटून देण्याची गोष्ट आहे. माझ्या ओट्यावर बिस्किटांचा जुना डबा आहे. जेवण टाळलं की थाळीचे पैसे त्यात पडतात, आणि शनिवारी तो रिकामा होतो.

आणि सोडताना घाई नको. एकदा ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेनंतर दोन दिवसांचा उपाशी मुलगा थेट कॅम्पात खिमा-पाव खायला गेला आणि अकराच्या उपासनेत, ऐन दुसऱ्या गीताला, मागच्या दाराने पळाला. मी मीठ घातलेली तांदळाची पेज घेते, तासाभराने केळं, संध्याकाळी वरण-भात. बिर्याणी दुसऱ्या दिवशी. ती कुठे पळून जात नाही.