इटालियन बचावपटूची कारकीर्द नोंदींवरून कशी वाचावी

स्ट्रायकरची कारकीर्द गोलांच्या रकान्यावरून बरीचशी कळते. बचावपटूच्या त्याच रकान्यात शून्य, एक, दोन असे आकडे दिसतात आणि खेळाडू इटालियन असेल, तर सुरुवातीच्या वर्षांत क्लबांची लांबलचक रांग. ती पाहून ‘हा कुठेच टिकला नाही’ असे ठरवून टाकणे, ही नेहमीची चूक.

आधी सहा रकान्यांचा तक्ता आखा: हंगाम, क्लब, विभाग, सामने, मिनिटे आणि मालक क्लब. शेवटचा रकाना बहुतेक जण सोडून देतात, आणि खरी गोम तिथेच असते. इटलीत तरुण बचावपटू मोठ्या क्लबच्या प्रिमावेरा संघातून, म्हणजे युवा संघातून, बाहेर पडला की लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना, सेरी बी किंवा सेरी सी या दुसऱ्या-तिसऱ्या विभागात जातो. बचावाची जागा चुकली की थेट गोल बसतो, म्हणून प्रशिक्षक कच्च्या पोराला तिथे उभे करायला कचरतात. लोनचे तीन प्रकार वेगळे लिहा: साधे लोन, खरेदीचा पर्याय असलेले आणि खरेदीची सक्ती असलेले. तिसरा प्रकार म्हणजे नावापुरते लोन. ती विक्रीच समजा.

2014 पूर्वीच्या नोंदींत आणखी एक गुंता आहे: ‘कोंप्रोप्रिएता’, म्हणजे दोन क्लबांची निम्मी-निम्मी मालकी. खेळाडू एकाकडे खेळायचा, हक्क दोघांचे. उन्हाळ्यात तडजोड झाली नाही, तर दोघे बंद पाकिटात बोली द्यायचे. मोठी बोली ज्याची, खेळाडू त्याचा. 2014 मध्ये ही पद्धत रद्द झाली. लेओनार्दो बोनुच्चीची सुरुवात तिच्याशिवाय कळतच नाही. इंटरचा पोरगा, तिथून त्रेव्हिझो, मग लोनवर पीसा. 2009 मध्ये मिलितो आणि मोत्ता या खेळाडूंच्या व्यवहारात तो जेनोआकडे गेला आणि जेनोआने लगेच निम्मे हक्क बारीला विकले. बारीकडून 2009–10 मध्ये तो सेरी आचे, म्हणजे सर्वोच्च विभागाचे, सगळे 38 सामने खेळला आणि 2010 मध्ये युव्हेंतुसने त्याला घेतले. मालकाचा रकाना भरला, की ही भटकंती वाटत नाही.

आता सामन्यांची संख्या. ती हंगामाच्या एकूण सामन्यांशी ताडून पाहा, कारण एकूण आकडा बदलत आला आहे. सेरी आ 1988–89 ते 2003–04 या काळात 18 संघांची होती, म्हणजे 34 सामने. 2004–05 पासून 20 संघ, 38 सामने. 1988–89 च्या आधी, 1967–68 पासून, 16 संघ आणि फक्त 30 सामने. सेरी बीमध्ये 2004–05 ते 2017–18 पर्यंत 22 संघ, म्हणून 42 सामने होते. तेव्हा त्या काळातले सेरी बीचे 38 सामने म्हणजे चार सामने हुकलेले. मिनिटांचा हिशेबही असाच: 38 सामन्यांची 3420 मिनिटे. चालू सामन्यात बचावपटूची बदली सहसा कमीच होते. सामने भरपूर पण मिनिटे कमी दिसली, तर तो शेवटच्या दहा मिनिटांत आघाडी राखायला उतरवला जात होता.

लीगचे सामने आणि सर्व स्पर्धांचे सामने एकात मिसळू नका. पाओलो माल्दिनीचे मिलानसाठी 902 सामने आहेत, पण त्यांपैकी सेरी आचे 647.

खालच्या विभागांची नावे फसवतात. 1978 मध्ये सेरी सीचे सी1 आणि सी2 असे दोन भाग झाले, 2008 मध्ये त्यांना लेगा प्रोची प्रीमा आणि सेकोंदा दिव्हिझिओने (पहिला आणि दुसरा विभाग) अशी नावे मिळाली, 2014 मध्ये ते एकत्र आले आणि 2017 मध्ये ‘सेरी सी’ हे नाव परतले. क्लबही नाव बदलतात. 2002–03 चा फ्लोरेंतिया व्हिओला म्हणजे दिवाळखोरीनंतर सी2 मधून पुन्हा उभी राहिलेली फिओरेंतिना. 2004 चा नापोली सॉकर म्हणजे नापोलीच.

खेळाडू बचावफळीत कुठे खेळायचा, हे 1995–96 पूर्वीच्या संघयादीत शर्टच्या क्रमांकावरून ओळखता येते. त्या हंगामापासून सेरी आमध्ये प्रत्येकाला कायमचा क्रमांक मिळू लागला. त्याआधी 2 म्हणजे साधारण उजवा बॅक, 3 डावा, 5 स्टॉपर, म्हणजे मधोमध राहून स्ट्रायकरला अडवणारा, आणि 6 म्हणजे लिबेरो, सगळ्यांच्या मागे राहून झाडलोट करणारा. फ्रांको बारेझी सहा नंबरचाच. मात्र एकाच सामन्यावरून ठरवू नका. कोणी जखमी असला की क्रमांक सरकायचे. जागा कारकिर्दीच्या मध्येही बदलते. जोर्जो किएल्लिनी सुरुवातीला डावा बॅक होता.

एखाद्या सामन्याची पोकळी दिसली की लगेच दुखापत लिहू नका. आजच्या नियमानुसार सेरी आमध्ये पाचव्या पिवळ्या कार्डानंतर एका सामन्याची बंदी येते. आधीच्या सामन्यांची कार्डे मोजा. पोकळी चार-पाच आठवड्यांची असेल, तरच दुखापतीच्या बातम्या शोधा.

सामन्यानंतर वर्तमानपत्रे प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण देतात, त्यांवर फार भिस्त नको. इटलीत 6 म्हणजे उत्तीर्ण आणि ‘एस. व्ही.’ म्हणजे गुण देण्याइतका खेळलाच नाही. संघाने तीन गोल खाल्ले की चांगल्या खेळलेल्या बचावपटूचेही गुण घसरतात.

वयाचा रकाना हवा तर जोडा. आंद्रेआ बार्झाल्यी जानेवारी 2011 मध्ये वोल्फ्सबुर्गहून युव्हेंतुसला आला, तेव्हा तो 29 वर्षांचा होता. त्यानंतर त्याने सेरी आची आठ विजेतेपदे मिळवली. जानेवारीतल्या अशा बदलीत एकाच हंगामाच्या दोन ओळी होतात. बेरीज करताना त्या एकत्र धरा, नाहीतर हंगामांची संख्या फुगते.

शेवटची ओळ परदेशातली असेल, तर हंगाम कसा मोजला आहे ते बघा. 2022 मध्ये किएल्लिनी लॉस एंजेलिसला गेला. अमेरिकन लीग तेव्हा एकाच वर्षात, वसंत ते हिवाळ्यापर्यंत, चालायची. ती ओळ ‘2022’ अशीच ठेवा, 2022–23 मध्ये कोंबू नका.