मनगट धरलंय? मग आधी बॉल दाबणं थांबवा

निपाणीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या मावशी, बेळगावात वडगाव-शहापूरचे विणकर, तिथल्याच उद्यमबागेतल्या कारखान्यात दिवसभर पाना फिरवणारा फिटर आणि लॅपटॉपपुढं बसणारा मी. तक्रार सगळ्यांची एकच, मनगट धरलंय. सल्लाही सगळ्यांना एकच मिळतो, "बॉल दाब." पहिली चूक तीच.

मूठ आवळणारे स्नायू दिवसभर राबतातच. ते कोपराच्या आतल्या हाडापासून निघतात. मनगट वर उचलणारे आणि बोटं उघडणारे बाहेरच्या हाडाला जोडलेले असतात. मूठ धरली की मनगट स्थिर ठेवायला तेही ताणले जातात, पण त्यांच्या वाट्याला व्यायाम येत नाही. टेनिस एल्बो दुखतो तो तिथंच, रॅकेट कधी हातात न धरलेल्यालाही. म्हणून पाची बोटांभोवती रबर बँड घालून बोटं सावकाश उघडा, 10-15 वेळा.

ताण देताना कोपर वाकवलं तर सगळी मेहनत फुकट. हे स्नायू कोपर ओलांडून जातात. ते वाकलं की ढिले पडतात. हात सरळ समोर, तळवा पुढं, बोटं दुसऱ्या हातानं स्वतःकडं ओढा. मग तळवा खाली करून पंजा खाली ओढा. प्रत्येकी 20-30 सेकंद, दोन-तीनदा. झटके नकोत. आमच्या तालमीत वस्ताद डिसेंबरच्या गारठ्यात झटक्यानं हात ओढायचे, आम्हीही मुकाट सोसायचो. आधी मूठ उघडझाप करून हात गरम होऊ द्या.

ताकदीसाठी थेट करेला, म्हणजे तालमीतलं जड मुद्गल, उचलू नका. पाण्यानं भरलेली अर्ध्या लिटरची बाटली पुरे. कोपराखालचा हात टेबलावर, पंजा काठाबाहेर, तळवा खाली. बाटली दुसऱ्या हाताच्या मदतीनं वर न्या आणि चार मोजत एकट्या हातानं खाली आणा. खरं काम खाली आणतानाच होतं, आणि नेमकं तिथंच सगळे हात सोडून देतात. 10-15 वेळा, दोन-तीन फेऱ्या, एक दिवसाआड. थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशीही ठणकत असेल तर वजन कमी करा.

अंगठ्याच्या बाजूला मनगट दुखतंय म्हणून अंगठा मुठीत धरून हात करंगळीकडं वाकवणारे बरेच भेटतात. अहो, ती दुखणं ओळखायची चाचणी आहे! रोज केलीत तर सूज वाढेल.

रात्री अंगठा, तर्जनी, मधल्या बोटाला मुंग्या येतात, हात झटकल्यावर बरं वाटतं? मग मनगटातली नस दबत असावी. तिथं जोर लावून ताण देऊ नका. झोपताना मनगट सरळ राहील असा पट्टा बांधा. हातातून कप निसटू लागला तर लगेच डॉक्टर गाठा.

हे सांगितल्यावर एका मावशींनी विचारलं, "मजुरी हजार विड्यांमागे मिळते, वेळ कुठला काढू बाळा?" त्यांना एवढंच सुचवलं, दर दोनशे विड्यांनंतर सूप खाली ठेवा, हात सरळ करा, तीस मोजा. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतील, हेही सांगून टाकलं.