थंडीत मुरमांचं जेल लावताना चेहरा सोलवटतोय?

अडॅपलीन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड ही मुरमांवरची औषधं लावणाऱ्यांच्या नाकाशेजारी आणि ओठांच्या कडेला डिसेंबर-जानेवारीत पापुद्रे निघतात. लगेच औषध बंद करू नका. आधी ते लावायची पद्धत बदला.

रात्री कोमट पाण्याने, फेस कमी होणाऱ्या सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा. गीझरचं कढत पाणी तोंडावर अजिबात नको. टिपून घ्या, पूर्ण कोरडा होऊ द्या. नाकाच्या खाचा आणि ओठांचे कोपरे इथे व्हॅसलीनचं बोट फिरवा, कारण औषध तिथेच साचतं आणि कातडी सोलते. मग ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेलं मॉइश्चरायझर, त्यावर सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढंच जेल. जास्त लावल्याने मुरमं लवकर जात नाहीत, आग मात्र होते. तरीही कोरडं पडलं तर एक दिवसाआड लावा.

पापुद्रे नखाने ओढू नका, स्क्रब नको, आणि दिवाळीतलं उरलेलं उटणंही नको. खोबरेल तेल घरातली मोठी माणसं प्रेमाने सुचवतात, पण मुरमांच्या त्वचेवर त्याने छिद्रं बुजू शकतात. सकाळी एसपीएफ ३० चं सनस्क्रीन हवंच. बेन्झॉइल पेरॉक्साइडने रंगीत टॉवेल-उशीचे अभ्रे फिके पडतात, पांढरे वापरा.

चेहरा सुजला, चिरा पडल्या किंवा आग थांबेना, तर औषध थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर अडॅपलीन लावण्याआधीच त्यांना सांगा.