देव न मानणाऱ्यांची जीवनदृष्टी कशी जाणून घ्यावी

धुळे, जळगाव किंवा नंदुरबार परिसरात धर्म न मानणाऱ्यांच्या विचारांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने 'तुम्ही देव मानता का?' या एकाच प्रश्नावर विसंबू नये. केंट विद्यापीठातून चाललेल्या आणि २०१९ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या संशोधनात ब्राझील, चीन, डेन्मार्क, जपान, ब्रिटन आणि अमेरिका या सहा देशांतील नास्तिक व अज्ञेयवादी (देव आहे की नाही हे कळू शकत नाही असे मानणाऱ्या) लोकांना विचारले असता, देव नाकारणारे अनेक जणही नशीब किंवा अन्य अलौकिक गोष्टी मानतात आणि कुटुंब व स्वातंत्र्य ही मूल्ये आस्तिकांइतकीच महत्त्वाची समजतात, असे दिसून आले. म्हणून देव, नशीब, विधी आणि नीती यांविषयीचे प्रश्न वेगवेगळे विचारावेत.

विधींच्या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. जपानमध्ये स्वतःला निधर्मी म्हणवणारे अनेक जण नववर्षाला देवस्थानी जातात, त्याचप्रमाणे आपल्याकडे देव न मानणारा गृहस्थही श्रावणात कानबाई या खानदेशी देवीच्या रोटांना (प्रसादाच्या जेवणाला) भाऊबंदांच्या पंगतीत बसलेला आढळेल. त्यात विसंगती शोधण्याऐवजी तो का बसतो, हे शांतपणे विचारावे. आईचे मन राखण्यासाठी, भाऊबंदांशी नाते टिकवण्यासाठी की न बसल्यास काही वाईट घडेल या धास्तीने, यांपैकी ज्या कारणाने तो बसत असेल, त्यावर त्याची जीवनदृष्टी बरीचशी उलगडते. मरणानंतर आपल्या देहाचे काय व्हावे, हा प्रश्नही जरूर विचारावा, कारण दशक्रिया नको म्हणणारा आणि देहदानाचा अर्ज भरलेला माणूस आपली नीती तिथे सर्वांत स्पष्ट बोलतो.

कोणाला कोणत्या गटात धरावे, याबाबत विशेष काळजी घ्यावी. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने भटभिक्षुकांची मध्यस्थी नाकारली, पण निर्मिकाला, म्हणजे सृष्टी निर्माण करणाऱ्या ईश्वराला, मानले. त्यामुळे सत्यशोधक पद्धतीने लग्न लावलेले प्रत्येक कुटुंब नास्तिक समजू नये. आंबेडकरी बौद्ध ईश्वर मानत नसले तरी त्यांना धर्म आहे. सातपुड्यातील भिल्ल-पावरा कुटुंबाने स्वतःला कोणत्याही मोठ्या धर्माचे म्हटले नाही, तरी त्याची देवदैवते असतात. २०११ च्या जनगणनेत सुमारे २८ लाख ७० हजार लोकांच्या धर्माची नोंद नाही, परंतु हा आकडा नास्तिकांची संख्या म्हणून वापरणे चूक आहे, कारण त्यात धर्म न सांगण्याची कारणे नोंदलेली नाहीत.

मुलाखत शक्यतो एकट्याची घ्यावी, विशेषतः सुनेची, कारण सासू-सासऱ्यांसमोर ती मनातले बोलणार नाही. नाव व गाव गुप्त ठेवण्याचे वचन आधी द्यावे आणि पाळावे. उत्तर अहिराणीत आले तर अहिराणीतच लिहून घ्यावे, आणि लिहिलेले सांगणाऱ्याला वाचून दाखवून त्याने सुचवलेली दुरुस्ती त्याच्यासमोरच करावी.