१२३४५६७८९८७६५४३२१ कागदावर कसा फोडायचा

फोडायचा म्हणजे कोणत्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने तो बनलाय ते शोधायचं. पहिलं सांगतो, हा आकडा एक्सेलमध्ये टाकू नका. तिथे पंधराच अंक टिकतात, शेवटच्या २१ चे शून्य-शून्य होतात आणि पुढचं सगळं चुकत जातं. पायथन ही संगणकाची भाषा चालते, पण खरं तर कागद-पेन पुरतं.

सतरा अंक बघून घाबरायचं नाही, आधी आकडा नीट बघायचा. एकापासून नऊपर्यंत चढलाय आणि तसाच उतरलाय, म्हणजे हा १११११११११ चा वर्ग. उभा गुणाकार मांडा, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते, मधल्या रांगेत नऊ एक येतात आणि हातचा कुठेच येत नाही. देवळालीचे गणिती कापरेकर मास्तर, त्यांनी असल्या आकड्यांना डेम्लो नाव दिलं, कारण कल्पना सुचली ती डेम्लो स्टेशनवर, म्हणजे आताचं डोंबिवली! मला हे फार आवडतं.

आता फोडायचं ते वर्गमूळ. तीन-तीन एकांचे गट पाडले की १११ × १००१००१. १११ म्हणजे ३ × ३७, आणि १००१००१ ला तीनने भागलं की ३३३६६७.

हा ३३३६६७ मूळ संख्या आहे का, खरी मजा इथे आहे. सरळ गेलात तर ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागत बसाल. त्यापेक्षा असा विचार करा, याला जी मूळ संख्या भाग देईल ती ९९९९९९९९९ लाही देणार, म्हणजे १० च्या नवव्या घाताला तिने भागलं की बाकी १. बाकी १ पहिल्यांदा ज्या घाताला येते त्याने ९ ला भाग जावा लागतो, म्हणून ती आधीच, पहिल्या किंवा तिसऱ्या घातालाच आली असती तर तिने ९ ला किंवा ९९९ ला भाग दिला असता, पण तशा फक्त ३ आणि ३७, आणि त्या दोघींनी ३३३६६७ ला भाग जात नाही (करून बघा, दोन्हीकडे बाकी १). म्हणजे बाकी १ दर नऊ घातांनीच येते. फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की त्या मूळ संख्येतून १ काढून तेवढा १० चा घात घेतला तरी बाकी १ च येते, मग त्या मूळ संख्येतून १ काढला की ९ ने भाग जायलाच हवा, शिवाय ती विषम, म्हणून १८ च्या पाढ्यात एक मिळवून येणाऱ्याच तपासायच्या: १९, ७३, १०९, १२७ असं करत ५७७ पर्यंत, ३७ सोडून फक्त सोळा. एकीनेही भाग जात नाही. मूळ आहे!

म्हणजे आपला आकडा ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग. विभाजक मोजायला प्रत्येक घातात एक मिळवून गुणा, ५ × ३ × ३ = ४५.

आणि अंकांची बेरीज करा, ८१ येते, ८१ म्हणजे ३ चा चौथा घात, तो तर आत आहेच. बेरजेने आकड्याला भाग गेला म्हणजे हा हर्षद आकडा, हे नावही कापरेकरांचंच.

दहा एकांचा वर्ग पण करून बघा. तिथे हातचा येतो, १२३४५६७९००९८७६५४३२१ मिळतो, बेरीज ८२, आणि विषम आकड्याला ८२ ने भाग कसा जाणार, हर्षदपणा तिथेच गेला.