सोंगणी-वेचणीच्या दिवसांतला स्वयंपाक: शिजवून नाही, मोजून ठेवा

सोयाबीनची सोंगणी लागली की दिवाळीपर्यंत, आणि मग कापसाची वेचणी धरली की थेट संक्रांतीपर्यंत घरात स्वयंपाकाला धड वेळ मिळत नाही. बाया सकाळीच वावरात गेलेल्या असतात आणि ज्याला आजवर चहापलीकडे काही जमलं नाही, त्याच्या हाती गॅसचं लायटर येतं. शहरातले लोक रविवारी चार-पाच भाज्या करून डबे फ्रीजमध्ये रचून ठेवतात. आपल्याकडे ते निभत नाही, कारण लाइनचा भरवसा नाही. दार न उघडता फ्रीजचा थंडावा साधारण ४ तास टिकतो. त्यानंतर आतलं वरण नि ओट्यावरचं वरण यात फरक राहत नाही.

म्हणून इथली तयारी कोरडी ठेवावी. धान्य निवडावं, भाजावं, मोजावं आणि पुड्या बांधाव्या. पाणी लागेल ते खायच्या वेळीच. महिन्यातून दोनदा दीड-दोन तास दिले की पुढचे पंधरा दिवस नवशिक्यालाही अर्ध्या तासात पोटभर जेवण करता येतं.

आधी घरातली एक वाटी ठरवा. खाली सगळं त्याच वाटीत, सपाट भरून मोजलेलं आहे. वाटी साधारण १५० मिलीची धरली आहे. चमचा म्हणजे चहाचा, तोही सपाट.

खिचडीची पुडी

चार जणांच्या एका जेवणाला तांदूळ २ वाट्या, सालाची मूगडाळ १ वाटी आणि मूठभर शेंगदाणे. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था धान्य आणि डाळीचं प्रमाण ३:१ ठेवायला सांगते. आपण डाळ थोडी जास्त घेतो, कारण त्या जेवणात दुसरी डाळ नसते. मूगडाळ कोरड्या कढईत मंद आचेवर ४-५ मिनिटं हलवून घ्या. ओल जाते, कीड लवकर लागत नाही आणि खिचडीला वासही छान येतो. पूर्ण निवल्यावरच तांदळात मिसळा.

रेशनच्या तांदळात कधी कधी काही दाणे जरा वेगळ्या रंगाचे दिसतात, काही पाण्यावर तरंगतात. लोक त्याला प्लास्टिकचा तांदूळ म्हणून वेचून फेकतात. ते लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेले दाणे असतात, १०० किलोत साधारण १ किलो. ते राहू द्या, आणि तांदूळ चोळूचोळू चार पाण्यांनी धुऊ नका.

आता मसाला. बहुतेक जण इथेच चुकतात. मसाला तांदळातच मिसळून ठेवला तर धुताना तो मोरीत जातो. सगळा मसाला एकाच पुडीत बांधला तरी घोटाळा होतो: मोहरी तडतडायला तेल कडक तापावं लागतं, आणि त्या तेलात हळद-तिखट पडलं की क्षणात काळं होतं. मग खिचडी कडवट लागते आणि करणारा म्हणतो, मला स्वयंपाक जमतच नाही. म्हणून पुड्या दोन करा.

पहिली पुडी: मोहरी अर्धा चमचा, जिरं १ चमचा.
दुसरी पुडी: हळद अर्धा चमचा, तिखट १ चमचा, धनेपूड १ चमचा, मीठ २ चमचे.

करायची रीत अशी. ५ लिटरच्या कुकरमध्ये २ मोठे चमचे तेल तापवा. मोहरीचा एक दाणा टाकून पाहा. लगेच तडतडला तर पहिली पुडी टाका, तळाशी नुसता पडून राहिला तर थांबा. मोहरी फुटली की चिरलेला कांदा घाला आणि तो नरम होऊ द्या. मग आच बारीक करून दुसरी पुडी टाका आणि लगोलग अर्धी वाटी पाणी ओता, म्हणजे तिखट जळत नाही. धुतलेले डाळ-तांदूळ घाला. हाताशी असेल ती भाजी घाला, पालक, मेथी, फुलकोबी काहीही चालतं. १२ वाट्या पाणी घालून झाकण लावा. मध्यम आचेवर ४ शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा.

वाफ आपोआप जिरू द्या, दहा-पंधरा मिनिटं लागतात. घाईत शिट्टी उचलून झाकण ओढलं तर गरम खिचडी अंगावर उडते. वरून सांबार आणि लिंबू. (बाहेरच्या वाचकांसाठी: आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.)

शिट्टीतून पिवळं पाणी उडत असेल तर कुकर जास्त भरला आहे. डाळ-तांदूळ फेसाळतात, म्हणून पाण्यासकट कुकर अर्ध्याच्या वर जाऊ देऊ नका. ३ लिटरचा कुकर असेल तर सगळं निम्मं घ्या. फेस भोकात अडकला तर वाफेची वाट बंद होते, म्हणून झाकणाचं भोक दर वेळी उजेडाकडे धरून पाहावं. शिट्टीच येत नसेल आणि कडेने वाफ निघत असेल तर रबर कडक झालंय. पाणी तिथूनच उडून जातं आणि खिचडी खाली लागते. नवीन रबर आणा, जुनं ताणून बसवू नका.

डाळ टणक राहते त्याचं कारण

तीच डाळ, तोच कुकर, सहा शिट्ट्या, तरी दाणे बोटाखाली टणक. बहुतेक वेळा दोष बोअरच्या पाण्याचा असतो. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं आणि दाणा फुटत नाही. शुद्ध केलेलं कॅनचं पाणी मिळत असेल तर निदान डाळीपुरतं ते वापरा. तूरडाळ अर्धा तास भिजवा, तिप्पट पाणी आणि चार थेंब तेल घाला. ४ शिट्ट्यांनंतर ५ मिनिटं बारीक आच ठेवा. चिंच, टमाटे, आमचूर हे डाळ शिजल्यावरच. आंबटात डाळ शिजायची थांबते. दोन वर्षं पडून असलेली जुनी डाळही अशीच अडते, तिला जास्त वेळ भिजवणं एवढाच इलाज. चिमूटभर सोड्याने डाळ मऊ होते हे खरं, पण त्याने बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं, म्हणून रोजची सवय नको.

बरबटी (म्हणजे चवळी), हरभरा रात्रीच भिजायला हवेत. विसरलात तर दाणे २ मिनिटं उकळा, गॅस बंद करा, झाकून तासभर ठेवा आणि मग कुकरला लावा.

भाजलेलं बेसन

पिठल्याला कुणी चून म्हणो, कुणी बेसन, दहा मिनिटांत होणारं दुसरं कालवण नाही. अर्धा किलो बेसन म्हणजे साधारण ६ वाट्या. ते जाड कढईत, तेल न घालता, बारीक आचेवर १०-१२ मिनिटं हलवत राहा. कच्चा वास जाऊन खमंग वास सुटला आणि रंग किंचित बदलला की उतरवा. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. कोमट बेसन डब्यात भरलं तर झाकणाला वाफ धरते, गोळे होतात आणि आठवडाभरात बुरशी येते. गार झाल्यावर मीठ ४ चमचे, तिखट ३, हळद दीड, जिरेपूड २ चमचे मिसळा.

एका वाटीला ३ वाट्या पाणी, दोघा-तिघांना पुरतं. वाटीभर बेसन आधी एक वाटी थंड पाण्यात कालवून घ्या. उरलेल्या दोन वाट्या पाण्याला मोहरी-लसणाच्या फोडणीत उकळी आली की कालवलेलं त्यात ओता आणि हलवत राहा. कोरडं पीठ सरळ उकळत्या पाण्यात टाकलं तर वरचा थर तिथल्या तिथे शिजतो, आत पीठ कोरडंच राहतं. तीच गुठळी. उकळी फुटल्यावर झाकून ५ मिनिटं बारीक आच ठेवा.

हरभऱ्याची खुडणी चालू असेल तेव्हा कोवळे शेंडे वाळवून ठेवा. दोन-तीन दिवस सावलीत वाळले की हाताने चुरडले जातात. मूठभर चुरा पिठल्यात किंवा वरणात टाकला की भाजी चिरायचं काम राहत नाही. फक्त नुकत्याच फवारलेल्या वावरातली भाजी घरात आणू नका.

भाकरीऐवजी कण्या

नवशिक्याने भाकरीच्या वाटेला जाऊ नये. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, आणि पीठ जुनं झालं, विरी गेली, की मुरलेल्या हातालाही थापताना चिरा पडतात. त्यापेक्षा गिरणीत ज्वारी भरडून आणा आणि पीठ चाळून वेगळं करा. राहिलेल्या कण्या रात्रभर भिजवा. १ वाटी कण्यांना ४ वाट्या पाणी, अर्धा चमचा मीठ, ५-६ शिट्ट्या. ताकासोबत, वरून जवसाची चटणी. थापायचं नाही, लाटायचं नाही.

चटणीला जवस १ वाटी, सुक्या मिरच्या ६-८, लसूण ८-१० पाकळ्या, जिरं १ चमचा, मीठ १ चमचा. जवस तडतडून शांत होईपर्यंत भाजा. लसूण कढईत कोरडा होईस्तोवर परतायलाच हवा, त्याच्या ओलीनेच चटणी बिघडते. जवस दळूनच खावं, अख्खा दाणा पचत नाही. पण दळल्यावर त्यातलं ओमेगा-३ तेल हवेने खवट होतं, म्हणून चटणी १५ दिवसांपुरतीच करावी.

पोळ्या घरी होत असतील तर १ किलो गव्हात १०० ग्रॅम घरचं सोयाबीन दळून आणा, पण कच्चं नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. उकळत्या पाण्यात २०-२५ मिनिटं शिजवून, दोन दिवस कडक उन्हात वाळवून मगच गिरणीत न्या. पेरणीसाठी औषध चोळलेलं बियाणं चुकूनही यात जाऊ देऊ नका.

उरलेला भात

पुड्या असल्या की उरत नाही, पण उरलाच तर: भात शिजल्यापासून दोन तासांत संपवा, किंवा ताटात पसरून निववा आणि लाइन असेल तर लगेच फ्रीजमध्ये ठेवा. भातातले काही जिवाणू शिजूनही मरत नाहीत आणि गंजात (पातेल्यात) रात्रभर राहिलेल्या भातात विष तयार करतात. ते फोडणीने जात नाही. भात आंबला नाही, वास आला नाही, म्हणून तो चांगला असं समजू नये.

भाजण्याचा क्रम

सगळं एकाच कढईत होतं, पण क्रम पाळा: मूगडाळ, बेसन, शेंगदाणे, जवस, लसूण, आणि मिरच्या शेवटी. मिरच्या आधी भाजल्या तर त्यांचा झणका बेसनात उतरतो आणि ठसक्याने घर डोक्यावर येतं. मिरच्यांच्या वेळी दार-खिडकी उघडी ठेवा.

भरायला स्टीलचे डबे किंवा काचेच्या बरण्या घ्या. फवारणीच्या औषधाचा डबा दहादा धुतला तरी खाण्याच्या कामाचा नाही. प्लास्टिकवर पेनाने लिहिलेलं चार दिवसांत पुसतं, म्हणून कागदाची चिठ्ठी पुडीच्या आतच टाका आणि तिच्यावर तारीख, पाणी नि शिट्ट्या लिहा: "खिचडी, ४ जण, पाणी १२ वाट्या, ४ शिट्ट्या." पाण्याचा आकडा मोठ्या अक्षरात लिहा, ऐन वेळी तोच विसरला जातो.