तोंडातला न भरणारा व्रण आणि फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी

गावच्या दवाखान्यात तंबाखू खाणारा रुग्ण तोंडातील व्रण घेऊन आला, तर टोचणारा दात किंवा घासणारी कवळी आधी दुरुस्त करून घ्यावी आणि फेरतपासणीची तारीख त्याच वेळी लिहून द्यावी. ३ आठवड्यांत व्रण भरला नाही, तर मलमे बदलत न बसता त्याला कर्करोगाच्या तपासणीसाठी बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) पाठवावे. तपासताना जिभेच्या कडा, जिभेखालची जागा आणि गालांचा आतील भाग चांगल्या उजेडात पाहावा, हातमोजा घालून व्रणाचा कडकपणा चाचपावा व मानेतील गाठीही शोधाव्यात. व्रण टणक लागला, तर ३ आठवडेही थांबू नये. दुखत नाही म्हणून रुग्ण निर्धास्त असतो. पण आरंभीचा कर्करोग पुष्कळदा दुखत नाही, हे त्याला घरच्यांसमक्ष शांतपणे सांगावे. स्तनातील टणक गाठ, रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव, लघवीतून वेदनेविना जाणारे रक्त यांसाठीही वाट पाहू नये.

चिठ्ठीत व्रणाची जागा, आकार, कालावधी, व्यसन, चालू औषधे आणि कर्करोगाची शंका स्पष्ट लिहावी. माझ्या मते, आठवड्याभरात फोन करून रुग्ण तेथे पोहोचला का हे विचारणे, हाही तपासणीचाच भाग आहे.